मदत हवी आहे: ऑनलाइन लिलावात शेवटच्या सेकंदाला हातची वस्तू जाते, बोली नेमकी कधी लावावी?

नमस्कार. रविवारी संध्याकाळी एक लिलाव संपतोय. त्याआधी कोणी मार्ग सुचवला तर फार मदत होईल.

आजोबांकडे ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या होत्या. कल्याणचं घर तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं आणि तबकड्यांचं कपाट पाण्यात बुडालं. लेबलं सुटली, बऱ्याच तबकड्या फुटल्या. वाचली ती वरच्या फळीवरची आजोबांची वही. तिच्यात प्रत्येक तबकडीचा नंबर, गायक, राग आणि विकत घेतल्याची तारीख आहे. मी न्यू जर्सीत राहते. दोन वर्षं ती वही समोर ठेवून ईबेवर एकेक नंबर शोधते आहे. ४३ पैकी ९ मिळाल्या. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत, म्हणून घाई.

गेल्या महिन्यात बालगंधर्वांची एक तबकडी आली. मी पाच दिवस आधीच कमाल ६० डॉलरची बोली लावून ठेवली, म्हणजे तेवढ्यापर्यंत ईबे माझ्या वतीने गरजेपुरती बोली आपोआप वाढवणार. शेवटच्या दिवशी कोणीतरी थोडेथोडे वाढवत भाव २२ वरून ४१ वर नेला, आणि संपायला चार सेकंद असताना तिसऱ्याच कोणाची बोली पडली. तबकडी ६१ ला गेली. मी ८० सुद्धा दिले असते. वाटलं होतं, गरज पडली तर वाढवू. पण चार सेकंदांत काही करता आलं नाही.

आता केसरबाई केरकरांची एक आली आहे, वहीतलाच नंबर. व्हॉयेजर यानासोबत १९७७ मध्ये पाठवलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, त्यामुळे बाहेरचे संग्राहकही टपलेले असणार. बोली आत्ताच लावू की थांबू? आणि असं शेवटच्या क्षणी बोली लावणं नियमात बसतं का? मला कोणाला फसवून ती तबकडी नको आहे.

प्रतिसाद १

ताई, फसवणूक अजिबात नाही, ईबेच्या नियमांत हे चालतं. तिथली वेळ ठरलेली असते, शेवटच्या सेकंदाला बोली आली तरी लिलाव लांबत नाही. शिवाय तुम्ही लावलेली कमाल रक्कम लपलेली राहते. जिंकणाऱ्याला दुसऱ्या नंबरच्या बोलीपेक्षा फक्त एक पायरी, म्हणजे किमान वाढ, जास्त द्यावी लागते. २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात ती पायरी १ डॉलरची. म्हणूनच ६१. त्या माणसाने कदाचित १५० लावले असतील, आपल्याला ते कधीच कळत नाही.

सगळ्यांनी आपली खरी कमाल एकदाच लावली तर कधी लावली याने फरक पडायला नको. पण माणसं तशी वागत नाहीत. कोणी आपल्या वर गेलं की चढाओढ सुरू होते. लवकर लावलेली बोली त्या माणसाला विचार करायला वेळ देते. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबेची तुलना अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की लिलाव पुढे ढकलला जाई, सलग १० मिनिटं शांत गेल्याशिवाय संपत नसे. तिथे शेवटच्या मिनिटांतली गर्दी फार कमी दिसली. माझ्या भावाने नाशिकला बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट घेतला, तिथेही वेळ अशीच वाढत गेली. अशा ठिकाणी सेकंद मोजून उपयोग नाही.

तेव्हा थांबा, आणि आजच शांत डोक्याने रक्कम ठरवा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मी जुने कॅमेरे घेतो, अनुभवावरून थोडं. गोल रकमा टाळा. ८० ऐवजी ८१.३७ लावा, कारण बरेच जण ८० वर थांबतात. दोघांची कमाल सारखीच निघाली तर आधी लावणारा जिंकतो, ही उशिरा लावण्यातली एक जोखीम. लॅपटॉपवर आधीच लॉगिन करून ठेवा, फोनवर अवलंबून राहू नका. आठ-दहा सेकंद राहिले की बटण दाबा, दोन सेकंदांची वाट पाहू नका, नेट अडकलं तर संपलं. गिक्सनसारख्या सेवा तुमच्या वतीने बोली लावतात, पण त्यांना खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. मी देत नाही.

आणि टपालखर्च रकमेत धरा. लाखेची तबकडी वाटेत फुटते. दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावून, घट्ट बांधून पाठवाल का, हे विक्रेत्याला लिलाव संपण्याआधी विचारा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पुठ्ठ्याचं विचारलं, विक्रेता तयार आहे. टपालासकट ११० डॉलरपर्यंत जायचं ठरवलंय, टपाल १२ चं, म्हणजे बोली ९७.६३. लिलाव संपेल तेव्हा कल्याणला सोमवारची पहाट असेल. बाबांना सांगितलेलं नाही, नाहीतर ते रात्रभर जागतील. अजून एक विचारते: हीच तबकडी इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे थेट १४० ला आहे. रविवारी हरले तर ती घ्यावी का, की थांबावं?