पुणे-नागपूर हॅम (हौशी) रेडिओवर, डिजिटलवर काही जुळेना, कुठला बँड धरू? (मदत हवी आहे)

खरखर_कोथरूड: महिना झाला मी नि मामा डोकं आपटतोय. मी पुण्यात, मामा नागपूरला, रिग (रेडिओ संच) दोघांकडे आहे, एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) लावलंय, २० मीटर बँडवर मला इटली दिसते इंडोनेशिया दिसतो पण मामा एकदाही डिकोड झाला नाही, म्हणजे त्याचा संदेश कॉम्प्युटरला वाचताच आला नाही. ४० वर नुसता कचरा. रोज गप्पा मारता येतील असा एकच बँड सांगा, थिअरी नको प्लीज.

डायपोलदादा: अँटेना कुठला? किती वाजता बसता? लायसन्स जनरल ग्रेडचं की रिस्ट्रिक्टेड?

खरखर_कोथरूड: अँटेना चांगलाय हो, गच्चीवर व्हर्टिकल, उभा. मामाचाही तोच, जोडीनेच घेतले. जेवणं झाली की बसतो, साडेनऊ-दहा. ग्रेडचा काय संबंध?

गप्पिष्ट७३: व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे राव.

डायपोलदादा: ग्रेडवर पॉवर नि बँड ठरतात, आधी ते बघ. आणि घोळ व्हर्टिकलमध्येच आहे. तो सिग्नल आडवा फेकतो, म्हणून तो वरच्या थरावर आपटून लांब उतरतो, इटली मिळते आणि नागपूर उडीच्या खाली राहतं. सरळ रेषेत सव्वासहाशे किमी, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंशात वर जाणारा सिग्नल पाहिजे. वीस मीटर वायरचा साधा डायपोल (मध्यावर फीडलाइन, म्हणजे रेडिओची केबल), सहा-सात मीटर उंचीवर आडवा, ४० मीटर बँडवर ७.०७४ मेगाहर्ट्झ, सकाळी. रात्र चढली की ४० पण लांब उडी मारतो, तेव्हा ८०.

यागीवाला: १४४ मेगाहर्ट्झला यागी (जुन्या टीव्ही अँटेनासारखा) लावा, एकदम स्वच्छ.

डायपोलदादा: १४४ जवळपास सरळ रेषेतच जातं. नागपूरपर्यंत मनोरा कोण बांधणार, तू?

तीसमारखान: ८० ची चाळीस मीटर वायर फ्लॅटवाला ताणणार कुठे? ३० घ्या, १०.१३६, गर्दी कमी. दुपारी माझं ५००-६०० किमी आरामात होतं.

डायपोलदादा: दुपारी. तो रात्री बसतो.

तीसमारखान: रात्री दहाला ८० वर पावसाळ्याआधी बसून दाखव, विजांची कडकड ऐकून कान जातील. आणि आपल्याकडे ४० सुद्धा कितीदा दहापर्यंत टिकतो.

नवशिक्या_सातारा: ही लायसन्सची परीक्षा कुठे देतात? मोर्स लागतंच का?

डायपोलदादा: वेगळा धागा काढ रे बाबा. खरखर, आणि एफटी८ वर गप्पा कसल्या? एका खेपेला तेरा अक्षरं. जेएस८कॉल टाका, एफटी८सारखंच पण गप्पांसाठी, ७.०७८. दोन्ही कॉम्प्युटरची घड्याळं जुळवा, दोन-तीन सेकंद मागे असेल तर काही डिकोड होत नाही.

खरखर_कोथरूड: ४० वरचा कचरा सापडला, आमची लिफ्ट! ती हलली की वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर) जाड पिवळा पट्टा, तिसऱ्या मजल्यावर थांबली की गायब. आज टाकीपासून कठड्यापर्यंत वायर बांधली. सकाळी साडेसातला मामा आला, सिग्नल -१७ डेसिबल! मामाकडे अजून व्हर्टिकलच आहे, घड्याळ मात्र चार सेकंद मागे होतं, ते आधी फोनवर बोलून लावून घेतलं.

गप्पिष्ट७३: म्हणजे फोन लागलाच ना?

खरखर_कोथरूड: आता चेअरमन विचारतायत वायर कसली. कपडे वाळत घालायची सांगू का?

तीसमारखान: सांग. एक टॉवेल लटकव, पण मध्यावर नको, तिथे फीडलाइन आहे.