अरबीची पहिली टेस्ट कशी घ्यावी?

युनिव्हर्सिटीत बिगिनर्सना अरबी शिकवते, पहिली टेस्ट जवळ आलीये आणि ठरतच नाहीये, २८ अक्षरं नुसती ओळखायला लावू की शब्द वाचायला देऊ?

उत्तर १: सुटी अक्षरं नको, मुलं पाठ करून येतात. शब्दात अक्षराचं रूप बदलतं ना, तिथेच गाडी अडते, म्हणून सुटी अक्षरं देऊन जोडून शब्द लिहायला सांगा, त्यात दाल, वाव ही अक्षरं हवीतच, ती पुढच्या अक्षराला जोडत नाहीत.

उत्तर २: ऐकण्याची टेस्ट पण घ्या प्लीज!! कल्ब, घशातून खोल क काढला तर हृदय, साधा काढला तर कुत्रा. माझ्या वर्गाला हा फरक महिनाभर ऐकूच येत नव्हता.

थँक्स दोघांना! ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, ज्या अरबीत एरवी लिहीत नाहीत, त्या टेस्टमध्ये देऊ ना?

उत्तर १: हो, आत्ता द्याच.