जर्मनीत आई-बाबा घरी एकटे असताना तातडीची वैद्यकीय मदत कशी मिळवावी?

प्रश्न
एप्रिलमध्ये माझे आई-बाबा ८० दिवसांसाठी स्टुटगार्टला येत आहेत. बाबा ७१ वर्षांचे असून तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. आम्ही दोघेही नोकरीवर असताना त्यांच्या छातीत दुखू लागले, तर जर्मनचा एक शब्दही न येणाऱ्या आईने नेमके काय करावे? विम्याबाबतही मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद १
आईंनी तुम्हाला फोन लावण्याआधी ११२ हा रुग्णवाहिका बोलावण्याचा तातडीचा क्रमांक लावावा, हे त्यांच्या मनावर पक्के बिंबवा. ‘आधी लेकीला विचारू’ यातच मोलाची मिनिटे निघून जातात. हा क्रमांक विनामूल्य आहे, मात्र जर्मनीत फोनमध्ये चालू सिमकार्ड असल्याशिवाय तो लागत नाही. ११० हा पोलिसांचा क्रमांक आहे, त्यामुळे गल्लत नको.
दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला क्रमांक नसतो, तर खालच्या बेलवरील आडनावावरून घर सापडते. म्हणून पत्ता, बेलवरचे आडनाव, मजला आणि ‘हार्ट पेशंट, चेस्ट पेन’ एवढे शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. पलीकडच्या व्यक्तीने सांगेपर्यंत फोन ठेवू नये, हेही सांगा.

प्रतिसाद २
शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, पण त्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या सासूबाईंना न्यूरेम्बर्गमध्ये दाखल करावे लागले तेव्हा उपचार तत्काळ आणि उत्तम झाले. पुढे रुग्णवाहिकेचे बिल टपालाने वेगळे आले आणि विमा कंपनीने दावा नाकारला, कारण एजंटच्या सांगण्यावरून आम्ही अर्जात त्यांचा मधुमेह लिहिला नव्हता. ती चूक आमचीच होती आणि तिचा सल अजून आहे. बाबांची अँजिओप्लास्टी अर्जात स्पष्ट लिहा, आणि आधीपासूनच्या आजारामुळे जिवावर बेतल्यास किती रकमेपर्यंत खर्च मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्या.

प्रतिसाद ३
मी औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून एवढीच भर घालते. भारतातील गोळ्यांची ब्रँडनावे इथल्या डॉक्टरांना ओळखू येतीलच असे नाही. बाबांच्या प्रत्येक गोळीतील मूळ औषधाचे नाव आणि मात्रा इंग्रजीत टंकलिखित करून, अँजिओप्लास्टीच्या डिस्चार्ज कार्डासह त्यांच्या पाकिटात ठेवा. जिवाला धोका नसेल, उदाहरणार्थ रविवारी ताप चढला आणि दवाखाने बंद असले, तर ११६११७ वर फोन करावा. छातीतील दुखण्यासाठी मात्र ११२च.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बेलचा मुद्दा वाचून धस्स झाले, कारण आमच्या बेलवर केवळ यजमानांचे आडनाव आहे आणि घाबरलेली आई तिचे स्वतःचेच आडनाव सांगेल. आज संध्याकाळीच घरमालकांशी बोलून आई-बाबांचे आडनावही तिथे लावून घेते.