डॉक्टरांना "वेळ नाही" ही खरी अडचण की सबब?

चिठ्ठीवाला: परवा आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो, अडीच तास बसलो. काय काय सांगायचं ते तिने आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून काढलेलं, ऐनवेळी विसरायला नको म्हणून. आत गेल्यावर "जिना चढताना जरा..." एवढं म्हणतेय तोवर डॉक्टरांचा पुढचा प्रश्न आणि पेन दोन्ही सुरू. बाहेर आलो तेव्हा चिठ्ठी तशीच मुठीत, घामाने ओली. मग चिडून वाचत बसलो. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं रेकॉर्डिंग तपासलं, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलले आणि पेशंटला सुरुवातीचं सगळं सांगून टाकता आलं ते फक्त २३ टक्के भेटींत. बरं, अडवलं नाही तर लोक तासभर बोलतात का? २००२ साली छापून आलेल्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या अभ्यासात डॉक्टरांना गप्प बसून ऐकायला सांगितलं होतं. ३३५ पेशंट, सरासरी ९२ सेकंद, आणि ७८ टक्के लोक दोन मिनिटांच्या आत थांबले. म्हणजे वेळ नाही ही निव्वळ सबब.

ओपीडी_नव्वद: अहो ते स्वित्झर्लंड आहे. २०१७ मध्ये ६७ देशांच्या आकड्यांचा आढावा आला होता, त्यात एका पेशंटला मिळणारा वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि बांगलादेशात ४८ सेकंद. अख्खी भेटच ४८ सेकंदांची, तिथे ९२ कुठून आणू? माझ्याकडे सकाळी ९० पेशंट असतात. प्रत्येकाला दीड मिनिट जास्त दिलं की सव्वादोन तास वाढले, आणि मग शेवटचे पंचवीस-तीस जण, ज्यांचा रोज बुडालेला असतो, ते न दाखवताच परत जातात. तुम्हाला आत गेल्यावरचं दिसतं, मला दारातून परत जाणारे दिसतात. आधी सगळ्यांना डॉक्टर मिळू दे, मग ऐकण्याचं बघू.

आकडेमोडे: हे "आधी-मग"च पटत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१८ च्या आयोगाचा अंदाज होता की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टळू शकले असते असे वर्षाला ८६ लाख मृत्यू होतात. त्यातले ३६ लाख लोक उपचारांपर्यंत पोचलेच नाहीत, आणि ५० लाख पोचूनही गेले कारण मिळालेली सेवाच धड नव्हती. दार उघडलं म्हणजे झालं असं नाही ना.

ओपीडी_नव्वद: धड नव्हती म्हणजे चुकीचं निदान, चुकीचं औषध वगैरे. गोड बोललो नाही म्हणून कोणी मेलं नाही. उलट २०१२ चा अमेरिकेतला अभ्यास वाचा, सगळ्यात खूश असलेल्या पेशंटांत खर्च जास्त, भरती जास्त आणि मृत्यूही जास्त निघाले. मागेल ते लिहून दिलं की पेशंट खूश.

वॉर्डातली: खूश करणं आणि ऐकणं एकच कसं हो? आणि त्या अभ्यासात फक्त संबंध दिसला, त्याच्यामुळेच मेले असं नाही सिद्ध होत. मी नर्स आहे. औषधं समजावल्यावर "आता तुम्ही मला सांगा, कुठली कधी घेणार" एवढं विचारते. निम्म्या वेळा उलटंच सांगतात, आणि मान मात्र मगाशी छान हलवलेली असते! रांगेतच कोणीतरी तक्रार लिहून घेतली तर डॉक्टरांचा वेळ पण वाचेल, सगळं त्यांनीच ऐकायला हवं असं कुठे आहे. पण तेवढी माणसं भरा आधी, आम्ही दोघी आणि पेशंट नव्वद.

ओपीडी_नव्वद: माणसं भरा, याला माझे दोन्ही हात वर. बाय द वे, चिठ्ठीवाले, त्या चिठ्ठीत होतं काय?

चिठ्ठीवाला: चार ओळी. तिसरी, "बीपीच्या गोळीने गरगरतं म्हणून तीन आठवडे घेतली नाही". डॉक्टरांनी बीपी वाढलेलं बघून तीच गोळी दुप्पट करून दिली.

ओपीडी_नव्वद: अरे देवा. दुप्पट डोस सुरू करायच्या आधी आजच फोन करून त्यांना हे सांगा, उद्यावर नको. बाकी भांडण नंतर.