प्रति: दोन खंजीर की एक रेपियर?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिका-खेळाबद्दल वर एकाने म्हटलंय की रोग (Rogue) या लपूनछपून लढणाऱ्या पात्राला दोन खंजीर द्या आणि चौथ्या लेव्हलनंतर ड्युएलिंगसाठी (एकहाती शस्त्राने लढायची शैली) फायटर या लढवय्या वर्गाची लेव्हल घ्या. अहो, हातात दुसरं शस्त्र असलं की ड्युएलिंगचे डॅमेजला +२ मिळतच नाहीत की!

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत स्नीक अटॅक (रोगच्या वाराला मिळणारे जादा फासे) एका टर्नला एकदाच. दुसरा खंजीर म्हणजे पहिला वार हुकल्यावरची आणखी एक संधी, पण त्यात बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली एकच जादा छोटी कृती) जाते आणि परत लपायचं राहून जातं. मी स्वॉशबकलर हा रोगचा उपप्रकार आणि एक रेपियर (लांब, पातळ तलवार) घेतो. वार केला की समोरचा त्या टर्नला मागून फटका मारू शकत नाही. सरळ खांबाआड जायचं आणि बोनस अ‍ॅक्शनने लपायचं. शिवाय ५ फुटांत तिसरं कोणी नसेल तर अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत) नसतानाही स्नीक अटॅक लागतो.

फायटर मात्र पाचवी लेव्हल रोगमध्येच करून मग घ्या. मी घाई केली होती. आमचा अड्डा बेळगावच्या टिळकवाडीत, डीएम (खेळ चालवणारा) येळ्ळूरचा, त्यामुळे प्रत्येक किल्ला तिथल्या राजहंसगडासारखाच. दरवाज्यात ओगर या राक्षसाचा सोटा १३ डॅमेजचा बसला, माझे उरलेले हिट पॉइंट (जीव) ९. रोगच्या पाचव्या लेव्हलचा अनकॅनी डॉज (डॅमेज निम्मं करणारा) असता तर ६ डॅमेजवर निभावलं असतं. स्नीक अटॅकही ३ ऐवजी २ फाशांचाच. डीएमने कुंद्याच्या मिठाईचा डबा पुढे केला आणि म्हणाला, ‘घे, डेथ सेव्ह टाक,’ म्हणजे जगतोस की मरतोस त्याचा फासा.