मदत हवी आहे: दुपारी संगणक रखडतो. रॅम, एसएसडी की फॉरमॅट?

मुद्राक्षर:
नमस्कार मंडळी. नागपूरला महालात माझं डीटीपीचं काम आहे. डेस्कटॉप असेंबल केलेला: सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. मे लागल्यापासून दुपारी कोरलची (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल उघडायला घेतली की सगळं गोठतं. तीच फाइल सकाळी बिनतक्रार उघडते. पत्रिकांची गिऱ्हाइकं समोर बसलेली असतात, फार कानकोंडं होतं.

सीताबर्डीवरच्या एका दुकानदारानं कॅबिनेट न उघडताच "रॅम वाढवा, फॉरमॅट मारा" म्हटलं. खर्च करण्याआधी दुखणं कुठे आहे ते कळावं, म्हणून जमेल ते मोजलं:

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ६ जीबीच्या वर जात नाही. दुपारी सीपीयू ४० टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि वेग १.२ गिगाहर्ट्झ (सकाळी ३ च्या वर असतो). एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान ९७ अंश. मशीन सुरू केल्यावर मात्र बराच वेळ डिस्क १०० टक्के. डिस्कची तब्येत तपासणारा क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा 'कॉशन' (सावधान) दाखवतो, 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' शून्य नाही.

सीपीयू निम्माही वापरात नाही, मग रखडतो का? आणि आधी काय करू? खोलीतला पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या अगदी समोर आहे, तेही सांगून ठेवते.

धरमपेठी:
ताई, आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कवरचे असे छोटे कप्पे, जिथला मजकूर तिला वाचता येत नाहीये. फॉरमॅटनं खराब पृष्ठभाग बरा होत नाही, तुमच्या फाइली मात्र जातील. बॅकअप होईपर्यंत डीफ्रॅग किंवा चेकडिस्कही (डिस्क आवरणारी आणि तपासणारी विंडोजची साधनं) चालवू नका, मरू घातलेल्या डिस्कवर त्यानं ताण वाढतो.

आता ते ४० टक्के. विंडोज १० चा टास्क मॅनेजर टक्केवारी प्रोसेसरच्या मूळ वेगाशी ताडून काढतो. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.२ वर उतरला, तर पूर्ण राबत असतानाही आकडा ४० च्या जवळपासच दिसणार. तापमान १०० कडे गेलं की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. एचडब्ल्यूइन्फोत 'थर्मल थ्रॉटलिंग'समोर 'येस' आहे का बघा. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो.

म्हणजे तुमची दुखणी दोन आहेत, आणि रॅम त्यात नाही. विजेची वायर काढून हीटसिंकमधली (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) धूळ ब्रशनं काढा (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा), प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लावा. कूलरची दिशा बदला: ओल्या हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते. नंतर साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेऊन त्यावर विंडोज नव्यानं टाका.

मुद्राक्षर:
'येस'च आहे! विंडोज ११ टाकू का मग?

धरमपेठी:
विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांची अधिकृत यादी इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, तुमचा सातवा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. त्यात नाव नोंदवा. एसएसडी पुढच्या मशीनलाही चालेल, ते पैसे वाया जायचे नाहीत.

मुद्राक्षर:
खूप आभार दादा. बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली, पण जुन्या पत्रिकांच्या साच्यांवर येऊन अडकते. तेच सगळ्यांत मोलाचे आहेत. काय करू?

धरमपेठी:
एक्सप्लोररनं नको, रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करण्याची कमांड) वापरा. त्यात आर (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) दोन्हींची किंमत १ द्या, नाहीतर न वाचता येणाऱ्या एकाच फाइलीवर ते दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. आधी निघतील त्या फाइली काढून घ्या. अडलेले साचे शेवटी, सकाळच्या गारव्यात, मशीन थंड असताना. तेव्हाही नाही निघाले तर डिस्क काढून बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा, पुन्हा पुन्हा चालू करू नका.