मदत हवी आहे: सिएटलहून अलास्का क्रूझ, सोबत सत्तरीचे आई-बाबा

पश्चिमा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सिएटलहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझला निघतोय. मी, नवरा आणि रत्नागिरीहून आलेले माझे आई-बाबा. बाबा ७३, आई ६९. जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरियाला संध्याकाळचे चार-पाच तास, असा मार्ग आहे. चौघांचं भाडं भरून झालंय. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर आहोत, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर.

बाबांसाठी ही सहल मी गेली तीन वर्षं मनात धरून आहे. लहानपणी ते मे महिन्यात गावी जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीनेच. गावच्या बंदरात बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं. डेकवर वळकटी पसरून काढलेल्या त्या रात्रींबद्दल ते आजही तासभर बोलतात. बोटी बंद झाल्या, त्यालाही जमाना झाला. पुन्हा एकदा त्यांना बोटीवर रात्र काढायला मिळावी एवढीच माझी इच्छा.

आईचं नेमकं उलट आहे. तिचं माहेर रेवसजवळचं. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट बुडाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण तिथल्या घरांमधून ती गोष्ट अजून सांगतात. ती येतेय ते फक्त बाबांसाठी.

आता प्रश्न. स्थळदर्शनाच्या सहली बोटीकडूनच घ्याव्यात की बाहेरून? बोटीकडचे दर बघून पोटात गोळा आला. भाड्याशिवाय आणखी किती खर्च धरायचा? बाबांचे गुडघे दुखतात, आईला मधुमेह आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. सोबत इलेक्ट्रिक किटली आणि छोटा राइस कुकर घेतला तर चालेल का? आणि बोट लागण्यावर काय करता?

सविस्तर लिहिलंत तर फार उपकार होतील.

आलेपाक

पश्चिमा, बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी हे सांग: आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा आहे का?

आम्ही गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन याच मार्गाने गेलो होतो. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, मुक्काम चार तासांचा असला तरी. तुम्हा दोघांना पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पुरेल. आई-बाबांना पुरणार नाही.

पश्चिमा

नाहीये! बुकिंग करून देणाऱ्या एजंटने सांगितलं होतं की व्हिक्टोरियाला उतरलो नाही, बोटीवरच बसून राहिलो तर व्हिसा लागत नाही.

आलेपाक

त्याचं ऐकू नकोस. बोट कॅनडाच्या हद्दीत गेली की तुम्ही कॅनडात गेलात. सिएटलच्या धक्क्यावर चेक-इनच्या वेळीच कागद बघतात आणि व्हिसा नसेल तर बोटीवर घेत नाहीत. पैसेही परत मिळत नाहीत. आमच्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब असंच बॅगांसकट माघारी गेलं. त्या आजींचा चेहरा मी विसरू शकत नाही.

व्हिक्टोरियाचा थांबा गाळताही येत नाही. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरातून निघून तिथेच परत यायचं असेल, तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठ्या क्रूझ बोटी बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा झेंड्यांखाली असतात. म्हणून ती व्हिक्टोरियाची संध्याकाळ.

अर्ज अमेरिकेत बसून ऑनलाइन करता येतो. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे ८५. ठसे इथल्याच इमिग्रेशनच्या केंद्रात देता येतात. मंजुरी आल्यावर शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवावा लागतो, त्यात दिवस जातात. आजच अर्ज कर. अमेरिकेचा व्हिसाही बहुप्रवेशी आणि मुदतीतला आहे ना, ते बघून घे, कारण व्हिक्टोरियाहून तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरणार आहात.

डोंगरवाट

व्हिसाचं झालं की मग सहलींकडे वळा. मी दोनदा गेलोय, त्यावरून सांगतो.

बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. बाहेरून घेतली आणि उशीर झाला, तर बोट निघून जाते. जुनोला तर बाहेरून येणारा रस्ताच नाही. राज्याची राजधानी, पण जायचं ते विमानाने किंवा बोटीने. मागे राहिलात तर टॅक्सी करून पुढचं गाव गाठता येत नाही. तरी म्हणून सगळं बोटीकडूनच घ्यायची गरज नाही.

स्कॅगवेची रेल्वे मात्र चुकवू नका. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी माणसं लोटली तेव्हा, १८९८ मध्ये, व्हाइट पास रेल्वेचं काम सुरू झालं आणि १९०० मध्ये ती पूर्ण झाली. अरुंद रुळांची गाडी २,८६५ फुटांवरच्या खिंडीपर्यंत चढते. जाऊन-येऊन पावणेतीन तास, सगळा वेळ बसून. बाबांच्या गुडघ्यांना याहून सोयीची सहल नाही. चढताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. परतताना जागा बदलायला सांगतात, म्हणजे सगळ्यांनाच दिसतं. आम्हाला माणशी दीडशे डॉलरच्या आसपास पडले. ही बोटीकडूनच घ्या.

जुनोला मेंडेनहॉल हिमनदी गावापासून साधारण बारा मैलांवर आहे. धक्क्याजवळून शटल बस मिळते, बोटीच्या सहलीपेक्षा बरीच स्वस्त. पण गर्दीच्या दिवशी तिकिटं संपतात, आधी काढून ठेवा. गावची साधी बस त्याहून स्वस्त आहे, पण ती दीड मैल अलीकडे सोडते, त्यामुळे तुमच्यासाठी बाद. तिथे फोटो पॉइंटची वाट छोटी आणि डांबरी आहे, बाबा सहज जातील. नगेट धबधब्याची वाट सपाट असली तरी जाऊन-येऊन दोन मैल आहे. तुम्ही दोघं जाऊन या, आई-बाबा बाकावर बसून हिमनदी बघत राहतील.

देवमासे बघायची सहल माणशी दोनशेच्या घरात जाते. पैसे एकाच मोठ्या सहलीपुरते असतील तर मी रेल्वे निवडेन.

केचिकनला काही विकत घेऊ नका. क्रीक स्ट्रीटच्या लाकडी फळ्यांवरून हिंडा, टोटेमचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब बघा. वर्षाला साधारण १५० इंच पाऊस पडतो तिथे. रत्नागिरीच्या माणसाला पावसाचं काय सांगायचं, पण हा गार पाऊस आहे आणि बारमाही. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

ग्लेशियर बेला उतरायचं नसतं. ते राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचे रेंजर बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथे पोचली तेव्हा ही खाडी जवळजवळ होतीच कुठे, सगळा बर्फ होता. आज बोट पासष्ट-एक मैल आत जाते. बोट हिमनदीसमोर सावकाश गोल वळते, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, त्यामुळे बाल्कनीच्या खोलीसाठी जास्तीचे पैसे भरले नसतील तर हळहळू नका. सकाळी लवकर उठून जाड कपडे घालून वरच्या डेकवर बाबांसाठी खुर्ची धरा.

सदाफुली

खाण्याचं मी सांगते. आम्ही जैन आहोत, त्यामुळे हा अभ्यास करावाच लागतो.

बुकिंगमध्ये 'शाकाहारी, अंडं नाही' हे आत्ताच लेखी नोंदवा. पहिल्या रात्री जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला गाठा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवा. डाळ, भात, भाजी, पोळी आदल्या दिवशी सांगितली की खास करून देतात. आमच्या बोटीवर स्वयंपाकघरात भारतीय आचारी होता, त्याने तिसऱ्या दिवशी आपणहून आमटी पाठवली. सूप मागताना 'मांसाचं पाणी आहे का' हे प्रत्येक वेळी विचारा. नुसतं व्हेज म्हटलं की मासे चालतात असं समजणारे लोक भेटतात.

राइस कुकर, किटली, दोन्ही नाही. घरी केलेले पदार्थही बहुतेक बोटी घेऊ देत नाहीत. दुकानातली बंद पाकिटं चालतात: चिवडा, भडंग, लोणच्याच्या पुड्या. आईंना गोळ्यांच्या वेळेला खायला जवळ काहीतरी हवंच. बोटीवरची फळं खिशात घालून बंदरावर उतरू नका, दंड होतो.

गोंयकार_तारवटी

नमस्कार. मी बोटींवर अकरा वर्षं काम केलं, आता घरी डिचोलीला असतो. वर कुणी टिपांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो.

टीप रोज खात्यात आपोआप लागते, साधारण माणशी १६ ते २० डॉलर. चौघांचे सात दिवसांचे ४५० ते ५६० धरा. काही प्रवासी पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन ती काढून टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. खोली आवरणारा, वाढणारा, आतली भांडी घासणारा, सगळ्यांच्या कमाईत तो पैसा असतो, आणि त्यात गोव्याची, कोकणाची, मुंबईची पोरं कितीतरी आहेत. आठ-नऊ महिने घरापासून लांब असतात. ताई, ही रक्कम भाड्यातच धरून चाला.

जास्तीचा खर्च होतो तो शीतपेयं, दारू, वायफाय, फोटो आणि निराळी उपाहारगृहं यांवर. साधं पाणी, चहा, कॉफी, मुख्य जेवणघर, बुफे यांचे पैसे नाहीत. दारूचं पॅकेज एकाने घेतलं तर खोलीतल्या सगळ्या प्रौढांनी घ्यायचं, असा नियम बऱ्याच कंपन्यांचा आहे. बंदरात बाटली घेतलीत तर ती शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून घेतात.

इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टर असलेली वायर, मेणबत्ती, सगळं तपासणीत काढतात. बोटीवर आगीइतकं भय कशाचंच नाही, म्हणून हे नियम.

खोलीचं खाते तुमच्या कार्डाला जोडा, बाबांच्या भारतातल्या कार्डाला नको. ओटीपी समुद्रात येत नाही. सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, त्याचं बिल भयंकर येतं. घड्याळ बोटीच्या वेळेवर. अलास्का सिएटलच्या एक तास मागे आहे, आणि फोन कुठला मनोरा पकडेल याचा भरवसा नाही. बाबांना साधं हातघड्याळ द्या. बोट सुटायच्या अर्धा तास आधी सगळे आत हवेत.

धक्क्यावर उतरायचा पूल भरती-ओहोटीप्रमाणे चढा-उतरता होतो. अलास्कात पाणी पंधरा-वीस फूट खाली-वर जातं. ओहोटीला उतार वाढतो. बाबांसाठी व्हीलचेअर आधीच नोंदवा. संकोच करू नका, त्यासाठी माणसं असतात.

आणि आईंसाठी. पहिल्या दिवशी बोट सुटण्याआधी सुरक्षा कवायत असते, ती प्रत्येकाला सक्तीची. त्यांना हाताला धरून त्यांच्या जमायच्या जागेवर घेऊन जा आणि तिथल्या माणसाला सांगा, आईला जीवरक्षक होड्या दाखव. होड्या आणि तराफे मिळून बोटीवरच्या सगळ्या माणसांना पुरून उरतील इतके असावे लागतात, तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. 'रामदास' मी आजोबांकडून ऐकलीय. त्या बोटीची आणि आजच्या बोटीची तुलना तोंडाने सांगून पटत नाही. डोळ्यांनी बघितलं की माणूस थोडा सैल होतो. मी असे प्रवासी पाहिलेत.

आलेपाक

बोट लागण्याचं राहिलं. खोली खालच्या मजल्यावर आणि मधोमध असेल तर हेलकावा कमी. जुनो-स्कॅगवेच्या आतल्या खाड्यांमध्ये पाणी शांत असतं. हलते ती सिएटलहून वर जाताना, व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या बाजूने. त्या रात्री जड जेवू नका. आल्याच्या वड्या जवळ ठेवा, पण आईंना मधुमेह आहे तर साखरेविना सुंठ. गोळी द्यायची असेल तर त्यांच्या बाकीच्या औषधांशी जमते का हे डॉक्टरांना आधी विचार. सगळी औषधं हातातल्या पिशवीत. धक्क्यावर दिलेल्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते.

विमा नीट वाच. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल थेट खोलीच्या खात्यावर चढतं आणि विम्याकडून नंतर मागावं लागतं. समुद्रातून रुग्णाला हलवायची वेळ आली तर तो खर्च विम्यात आहे का, जुना मधुमेह धरलाय का, आणि कॅनडाचा दिवस विम्यात येतो का, या तीन गोष्टी लेखी विचार.

पश्चिमा

डोळे भरून आले तुमचं वाचून.

कालच दोघांचे अर्ज भरले, ठशांसाठी पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय. एजंटला लेखी विचारलं, अजून उत्तर नाही. रेल्वे घेतली, देवमासे सोडले. व्हीलचेअर नोंदवली. टिपांचे ५६० वेगळे काढून ठेवलेत. दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री बाबांना विचारत होती की होडीत किती माणसं मावतात.

तिचा आता एकच प्रश्न आहे. रोज तिन्हीसांजेला ती देवापुढे निरांजन लावते, एक दिवस चुकवत नाही. मेणबत्तीचं वाचलं. पण निरांजन अगदी छोटं, दोन मिनिटांचं?

गोंयकार_तारवटी

नाही ताई. निरांजन नाही, उदबत्तीही नाही. बॅटरीवरचा दिवा चालतो, आमच्यातली पोरं केबिनमध्ये गणपतीला तोच लावायची. आणि आईंना सांगून ठेवा, जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. तिन्हीसांज तेव्हा होईल. त्या वेळी त्यांना डेकवर घेऊन या.